कोळसा, मॅकरेल आणि बटाटे: स्वीडनच्या कुल्ला किनाऱ्यावर

स्वीडन म्हटलं की आपल्याकडे स्टॉकहोम, नोबेल पारितोषिकं आणि उत्तरेकडचा बर्फ आठवतो. आम्ही गेलो तो भाग या सगळ्यापासून लांब, देशाच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात आहे. समुद्रात शिरलेलं एक चिंचोळं द्वीपकल्प. एका अंगाला ओरेसुंदची सामुद्रधुनी आणि पलीकडे डेन्मार्क, दुसऱ्या अंगाला शेल्डरव्हिकेनचं आखात, आणि टोकाशी कुल्लाबेर्ग नावाचा डोंगर. या मुलखाला कुल्लाबिग्देन म्हणतात. गव्हाची शेतं, कोळ्यांची जुनी गावं आणि दोनशे वर्षांहून जुना कारखाना, हे सगळं इथे बसच्या अर्ध्या-पाऊण तासात येतं.

इकडेच जायचं यामागे एक घरगुती कारण होतं. माझी ताई लुंडला राहते आणि यंदा ऑगस्टात मी आईला घेऊन तिच्याकडे गेले होते. आमचा धाकटा भाऊ पिंपरीत, लोखंडी भुकटी साच्यात दाबून गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे येणाऱ्या पोत्यांवर ‘होगानेस’ असं छापलेलं असतं. त्या कंपनीचा एक कारखाना आमच्या अहिल्यानगरच्या एमआयडीसीतही आहे (आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय). लहानपणापासून पाहिलेलं ते नाव मुळात एका गावाचं आहे आणि ते गाव ताईच्या घरापासून दोन तासांवर आहे, हे कळल्यावर दुसरीकडे कुठे जायचा विषयच उरला नाही.

गुरुवार: लुंड ते व्हिकेन

लुंडहून हेल्सिंगबोर्गला जाणारी गाडी सपाट, काळ्याभोर जमिनीतून जाते. बऱ्याच शेतांत गव्हाची कापणी झाली होती, मध्येमध्ये गडद हिरव्या पाल्याचे लांबच लांब पट्टे होते. आईने विचारलं, “हा कसला पाला?” भावोजी म्हणाले, “बीट, आई. साखरेचं.”

मग आईला दुसरं काही दिसेना. तिचं माहेर प्रवरेच्या काठचं. आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना जिथे उभा राहिला त्या भागात तिच्या वडिलांचा ऊस होता. गाळप किती महिने चालतं, वजनकाट्यावर कोण उभं राहतं, भाव कोण ठरवतं, असे तिचे प्रश्न सुरू झाले. भावोजी सॉफ्टवेअरवाले, त्यांना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. समोरच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थांना ताईने स्वीडिशमध्ये विचारलं तर ते स्वतःच बीट लावणारे निघाले. त्यांनी सांगितलं ते असं: सप्टेंबरपासून कंद काढायला सुरुवात होते आणि कारखाना ऐन हिवाळ्यापर्यंत चालतो. आता सगळ्या स्वीडनमध्ये साखरेचा एकच कारखाना उरला आहे, लुंडजवळ ओर्तोफ्त्याला. पाठवलेल्या मालाचा नमुना काढतात, त्यातली माती वजा करतात, साखरेचं प्रमाण तपासतात आणि त्यावर पैसे देतात.

आई म्हणाली, “म्हणजे ज्याचा माल चांगला त्याला त्याचे पैसे. आमच्याकडे सगळ्या कारखान्याचा साखरेचा एकच उतारा धरतात.” ताईने हे त्यांना भाषांतर करून सांगितलं. ते गृहस्थ हेल्सिंगबोर्गपर्यंत आईशी बोलत होते, ताई मध्ये दुभाषी. ही ओळख आम्हाला पुढे उपयोगी पडली, ते रविवारच्या भागात येईलच.

हेल्सिंगबोर्गहून होगानेसची बस किनाऱ्याने जाते. आम्ही मध्येच व्हिकेनला उतरलो, कारण तिथे एका आजींच्या घरातल्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. व्हिकेन हे कोळ्यांचं आणि गलबतावरच्या कप्तानांचं जुनं गाव. पांढऱ्या भिंतींची बुटकी घरं, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, प्रत्येक दारापाशी माणसाच्या उंचीचा हॉलिहॉक फुललेला. घरं इतकी खेटून का, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, “वारा.” संध्याकाळी धक्क्यावर गेलो तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. ऑगस्ट असून पश्चिमेचा वारा अंगात शिरत होता. आईने स्वेटरवर शाल घेतली आणि तरीही तिथून हलायला तयार होईना, कारण धक्क्यावर मॅकरेल लागत होता.

मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याच्याच जातकुळीतला मासा, पण अंगाने लांब आणि पाठीवर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा. उन्हाळ्यात त्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात. धक्क्यावर शाळकरी पोरं, बायका, म्हातारे सगळे रांगेने उभे. एकाच दोरीला पाच-सहा गळ, प्रत्येक गळाला रंगीत पिसं. दोरी खाली सोडायची, वर खेचायची, पुन्हा सोडायची. थवा आला की एकदम तीन-चार मासे लागतात. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आमच्यासमोर दोरी वर काढली तेव्हा तिच्यावर पाच मासे थरथरत होते. तिने एकेकाची मान मागे मोडली, रक्त जाऊ दिलं आणि बादलीत टाकलं. हात इतका सराईत की आम्ही बघतच राहिलो.

तिच्याबरोबरचे आजोबा आयुष्यभर मासेमारी केलेले. त्यांच्याकडून एक गोष्ट कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ओरेसुंदमध्ये ट्रॉलर चालवायला १९३२ सालापासून बंदी आहे. ही बंदी माशांसाठी आलीच नव्हती. सामुद्रधुनी अरुंद, जहाजांची ये-जा प्रचंड, त्यात मागे जाळं ओढणाऱ्या बोटी नकोत म्हणून ती घातली. पण त्यामुळे समुद्राचा तळ खरवडला गेला नाही आणि उत्तरेला कॅटेगॅटच्या समुद्रातला कॉड मासा जवळपास संपला तेव्हाही इथे तो तग धरून होता. “आता इथेही कमी झालाय,” आजोबा म्हणाले. “माझ्या बापाच्या वेळी या धक्क्यावर पोटं भरणाऱ्या बोटी होत्या. आता बघा, सगळ्या हौशी लोकांच्या.” खरंच, बंदरात शिडाच्या आणि मोटारच्या पांढऱ्या होड्याच भरल्या होत्या. जाळी असलेल्या बोटी शोधाव्या लागत होत्या. कोकणातल्या बंदरांत ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या माणसाला नव्वद वर्षं पाळलेली ही बंदी विचार करायला लावते.

आजोबांनी निघताना चार मासे पिशवीत घालून दिले. पैसे घेतले नाहीत. आजींच्या स्वयंपाकघरात ताईने ते हळद, तिखट आणि लिंबू लावून रव्यात तळले. मॅकरेल तेलकट असतो, त्याला आंबट हवंच. कोकम असतं तर आणखी बहार आली असती.

काही सूचना इथेच सांगते. भारतातून येणार असाल तर कोपनहेगनला उतरा. विमानतळातूनच पुलावरून स्वीडनला जाणारी गाडी मिळते आणि सव्वा तासाच्या आसपास हेल्सिंगबोर्ग येतं. प्रांतातल्या गाड्या आणि बस दोन्हींना स्कोनेत्राफिकेनचं एकच ॲप चालतं, बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. ऑगस्टातही वारा अडवणारं जाकीट हवं. छत्रीचा काही उपयोग नाही, ती उलटीच होते.

शुक्रवार: होगानेस

या दिवसासाठीच मी आले होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

होगानेस गावात शिरताना समुद्र, मासेमारीचं बंदर आणि धुराडी एकाच नजरेत येतात. व्हिकेनच्या आजींचे वडील आणि नवरा दोघेही कारखान्यातले, म्हणून त्या आमच्याबरोबर आल्या. त्या सांगत होत्या की गावाचे दोन भाग आहेत, वरचं होगानेस आणि खालचं होगानेस. खाली समुद्राजवळ कोळ्यांची वस्ती, वर खाणकामगारांची. वरच्यांचा पगार कंपनीचा, घर कंपनीचं, शाळा आणि दवाखानाही कंपनीचे. खालच्यांचा मालक समुद्र. आजींच्या लहानपणी वरची मुलगी खालच्या घरात दिली तर दोन्हीकडे कुजबुज व्हायची.

या सगळ्याची सुरुवात १७९७ साली झाली. काउंट एरिक रूथ या सरदाराने इथे कोळशाची खाण काढली. स्वीडनला कोळसा इंग्लंडहून आणावा लागत असे, म्हणून खाणीवर मोठी आशा होती. इंग्लंडहून जाणकार माणसं आणली, खोल विहिरी खणल्या. पण कोळसा निघाला राखेचा, हलक्या प्रतीचा. इंग्लिश कोळशापुढे त्याचा निभाव लागेना. मात्र त्याच्याबरोबर, थरांच्या मधल्या जागी, चिकणमाती निघत होती आणि ती उत्तम होती. प्रचंड आच सहन करणारी. मग त्या मातीच्या उष्णतारोधक विटा झाल्या, सांडपाण्याचे नळ झाले, आणि बरण्या झाल्या.

बरण्या पाहायला गावचं संग्रहालय चुकवू नका. तपकिरी, मधाच्या रंगाची भांडी ओळीने मांडली आहेत. खारवलेल्या हेरिंग माशांसाठी पोटाळ बरण्या, लोण्याची भांडी, दारूचे बुधले, काकडीच्या लोणच्याची भांडी. आई एका बरणीपुढे बराच वेळ उभी राहिली. पोट फुगीर, गळा जरा आत गेलेला, वर बसकं झाकण आणि कडेला दोरा बांधायला खाच. “ही आपली लोणच्याची बरणीच की,” ती म्हणाली. आजींना ताईने ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या की त्यांची आई अशाच बरणीत थंडीसाठी हेरिंग खारवायची, वर लाकडी चकती आणि त्यावर धुतलेला दगड. आई म्हणाली, “दगड आम्हीही ठेवतो.” त्यानंतर दोघी बराच वेळ मीठ किती, पाणी सुटायला किती दिवस लागतात, बुरशी आली तर काय करायचं, यावर बोलत होत्या. ताई भाषांतर करून दमली.

या भांड्यांची झिलई मिठाची असते आणि ती पद्धत इथे आजही टिकून आहे. भट्टी बाराशे अंशांच्या वर तापली की वरच्या भोकांतून तिच्यात साधं मीठ टाकतात. त्या आचेत मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या वाळूशी जुळतं आणि भांड्याच्या अंगावर काच तयार होते. वेगळी झिलई लावायची गरजच नाही. मी एक बरणी हातात घेऊन अंगठा फिरवला. पृष्ठभाग सपाट लागत नाही, संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे लागतात. एका बाजूला रंग गडद, दुसऱ्या बाजूला फिका. ज्या बाजूने वाफ जास्त लागली तिकडे गडद. म्हणजे भट्टीत ते भांडं कुठे ठेवलं होतं, हे भांड्यावरच लिहिलेलं असतं. जुन्या गोल भट्ट्या जपून ठेवल्या आहेत, विटा आतून मिठाने काचेसारख्या चकाकतात.

आता पिंपरीच्या पोत्यांकडे येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीत एमिल सियुरिन नावाचा अभियंता होता. हलका कोळसा, आच सोसणारी माती आणि भट्ट्या चालवणारे कसबी हात, एवढं त्याच्याजवळ होतंच. त्याने उत्तर स्वीडनमधलं चांगल्या प्रतीचं लोहखनिज मातीच्या नळकांड्यांत कोळसा आणि चुनखडीबरोबर भरून भट्टीत घातलं. लोखंड वितळत नाही, फक्त त्यातला प्राणवायू निघून जातो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरतं. आधी ते पोलाद बनवायला विकलं जाई. पुढे ते दळून भुकटी करायला लागले. ही भुकटी साच्यात दाबून भाजली की दातेरी चाक तयार, कापाकापी जवळपास नाही. आज होगानेस हे लोखंडी भुकटीचं जगातलं मोठं नाव आहे. कोळसा खणणं कधीच थांबलं, बरण्यांचा बाजारही लहान झाला, तरी गाव चालू आहे, कारण प्रत्येक धंदा आधीच्या धंद्याच्या पोटातून निघाला. मातीने भट्टी शिकवली आणि भट्टीने लोखंड. ही साखळी एका गावात, चालत फिरून बघता येते, हे मला या प्रवासातलं सर्वांत मोलाचं वाटलं.

कारखाना बाहेरच्यांना बघायला खुला नसतो. फाटकासमोर उभं राहून भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो तेव्हा पाळीवर होता. त्याने हातातलं तेलपंपाचं एक दातेरी चाक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मागची पोती दाखवली. आईने फोन फाटकाच्या पाटीकडे फिरवला. “दिसतंय का रे?” “दिसतंय, आई. तिथे वारा फार आहे का गं? आवाज येत नाही नीट.” आजींनी विचारलं, हा कोण? माझा मुलगा, आई म्हणाली, तुमच्या नवऱ्याने बनवलेल्या भुकटीचा माल बनवतो. आजींनी आईचा हात हातात घेतला तो बसस्टॉपपर्यंत सोडला नाही.

आजींकडून कळलेली आणखी एक गोष्ट: भट्ट्यांची वाया जाणारी उष्णता पाइपने गावात आणून त्यावर घरं गरम ठेवतात. हिवाळ्यात त्यांच्या बहिणीच्या घरातली ऊब कारखान्यातून येते.

जेवण: सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन, स्वीडनमध्ये बहुतेक खानावळींत ‘दागेन्स लुंच’ म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण मिळतं. सॅलड, ब्रेड आणि कॉफी त्यातच येते आणि संध्याकाळच्या मानाने ते पुष्कळ स्वस्त पडतं. आम्ही तळलेलं हेरिंग, कुस्करलेला बटाटा आणि लिंगोनच्या आंबटगोड फळांचा मुरंबा घेतला. माशाबरोबर मुरंबा ही कल्पना आधी पटेना, दुसऱ्या घासाला पटली. शाकाहारी पदार्थ आता जवळपास सगळीकडे असतो, विचारायचं.

शनिवार: मोल्ले आणि कुल्लाबेर्ग

सकाळी उठलो तर धुकं. डोंगर गायब. भावोजी लुंडहून गाडी घेऊन आले होते, ते म्हणाले, निघू तर या, वारा आला की जाईल. तसंच झालं. मोल्लेच्या बंदरात कॉफी पीत असताना धुकं वरच्या बाजूने विरत गेलं आणि गावामागे एकदम हिरवागार डोंगर उभा राहिला. डोंगर फार उंच नाही, सर्वांत उंच जागा होकुल, १८८ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही टेकडी. पण सपाट शेतं आणि सपाट समुद्र यांच्या मधून तो सरळ वर येतो म्हणून नजरेत भरतो.

या डोंगराचा आणि कालच्या खाणीचा संबंध आहे. कुल्लाबेर्ग अतिप्राचीन, टणक नीस खडकाचा. भोवतालची जमीन भेगांवरून खाली खचली आणि हा तुकडा वर राहिला. खचलेल्या भागात पुढे मऊ थर साचले, त्यातच वीस कोटी वर्षांपूर्वीचा होगानेसचा कोळसा आणि चिकणमाती. कड्याच्या खाली लालसर-करड्या खडकांत गुहा आहेत. काही ठिकाणी साखळी धरून उतरता येतं, आईमुळे आम्ही गेलो नाही.

टोकावरचा दीपस्तंभ बुटका, पांढरा, १९०० सालचा. कड्यावर असल्याने त्याला उंच असण्याची गरजच नाही. दिवा समुद्रापासून सुमारे ७८ मीटरवर आहे आणि स्वीडनच्या दीपस्तंभांत सर्वांत प्रखर मानला जातो. इथे दिव्याची परंपरा सोळाव्या शतकापासूनची. तेव्हा हा प्रदेश डेन्मार्कचा होता आणि या टोकावर विस्तव जागता ठेवण्याची जबाबदारी काही काळ खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेकडे होती. १६५८ च्या तहानंतर स्कोने स्वीडनकडे आलं. समोर डेन्मार्कचा किनारा स्वच्छ दिसतो, आणि मध्ये कायम एखादं तरी मालवाहू जहाज.

मोल्ले मुळात कोळ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे स्त्री-पुरुष एकत्र समुद्रस्नान करू लागले आणि त्याचा युरोपभर बोलबाला झाला. जर्मनीतून लोक येऊ लागले, १९०७ मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म येऊन गेला, १९१० मध्ये रेल्वे आली आणि बर्लिनहून थेट गाड्या सुटू लागल्या. कोळ्यांनी पाहुण्यांना खोल्या दिल्या आणि स्वतः मागच्या पडवीत झोपले. पहिल्या महायुद्धाने तो बहर संपवला. रेल्वे आता नाही, चढावर बांधलेली जुनी हॉटेलं आहेत.

दुपारी बंदरातून छोट्या बोटीने पॉरपॉइज बघायला गेलो. डॉल्फिनचा हा लहान नातेवाईक, जेमतेम दीड मीटर लांब. कुल्लाबेर्गभोवतीचं पाणी त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. बोटवाल्या मुलीने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, बघू नका, ऐका. पाण्यावर दहा-बारा मिनिटं शांतता. मग डावीकडून ‘फ्फू’ असा एक श्वास, आणि काळी त्रिकोणी पाठ वर येऊन बुडाली. मागोमाग आणखी एक, लहान. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती सत्तरीतली बाई, समुद्र आयुष्यात दोन-तीनदा पाहिलेली. बोटीत बसेल की नाही याची आम्हाला शंका होती. परतताना तीच सर्वांत पुढे बसली.

सूचना: या सहलींना गरम कपड्यांचा पोशाख बोटीवरच देतात, पण जागा आधी ठरवाव्या लागतात. वारा वाढला तर फेरी रद्द होते, म्हणून ती पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे दुसरा दिवस हाताशी राहतो.

रविवार: शेतं, क्रापेरुप, शेरेत

गाडीतल्या बीटवाल्या गृहस्थांनी आपल्या पुतण्याचा पत्ता दिला होता. त्याचं शेत डोंगराच्या पायथ्याला. गहू निघालेला, पेंढ्याचे गोल भारे रानात पडलेले, आणि एका बाजूला यंत्राने रेपसीडची पेरणी. आपल्या मोहरीच्या कुळातलं हे पीक ऑगस्टात पेरतात, ते बर्फाखाली तग धरतं आणि मे महिन्यात सगळा मुलूख पिवळा करतं. पुतण्या आणि त्याची बायको दोघंच सगळं बघतात. गडी नाही. आईने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो म्हणाला, गडी परवडत नाही, म्हणून यंत्र; यंत्राचा हप्ता फिटायला जमीन जास्त लागते, म्हणून शेजाऱ्याची खंडाने घेतली; शेजाऱ्याने गोठा बंद करून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. आई म्हणाली, “आमच्याकडेही पोरं आता हेच करायला लागलीत.”

त्यांच्या फाटकापाशी रस्त्यावर एक लाकडी कपाट होतं. त्यात बटाट्यांच्या पिशव्या, शेपूच्या जुड्या, अंडी, मध. विकायला कोणी नाही. हवं ते घ्यायचं आणि पैसे ठेवायचे किंवा फोनवरून स्विशने पाठवायचे. असे कपाटवजा ठेले या भागात जागोजाग आहेत. स्विशला स्वीडिश बँकेचं खातं लागतं, त्यामुळे आपल्यासारख्या पाहुण्यांनी थोडी नाणी आणि लहान नोटा जवळ ठेवाव्यात. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी पैशाची पेटी असते. आईने पिशवीतून एक बटाटा काढला, नखाने साल खरवडली, ती सहज सुटली. “कोवळा आहे,” ती म्हणाली आणि दोन पिशव्या घेतल्या.

क्रापेरुपचा वाडा तिथून जवळच. भोवती खंदक, आणि विटांच्या लाल भिंतीत मोठमोठे पांढरे तारे बसवलेले. ते युल्लेनशेर्ना घराण्याचं चिन्ह. आता वाडा, शेती आणि जंगल एका प्रतिष्ठानकडे आहे. आसपासच्या कित्येक शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या इस्टेटीची जमीन कसली. बाग सुंदर आहे, तास-दोन तास हवेत.

पुढे हिम्मेल्सतोर्प, अठराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर, चारी बाजूंनी बांधलेलं, मध्ये अंगण, भोवती रचलेल्या दगडांचे बांध. आई आणि ताई तिथे थांबल्या. मी आणि भावोजी झाडांवरच्या पिवळ्या ‘एन’ खुणा बघत समुद्राकडे उतरून ‘निमिस’ पाहून आलो: लार्स विल्क्स या कलावंताने १९८० पासून वाहून आलेल्या लाकडांतून, परवानगी न घेता उभारलेले मनोरे. उतार अवघड आहे, गुडघे दुखत असतील तर जाऊ नका. मला खरं सांगायचं तर वरचं शेतघर जास्त भावलं.

आरिल्ड गावाच्या वरच्या उतारांवर द्राक्षमळे लागले. स्वीडनमध्ये द्राक्षं! सोलारिस नावाची जात, थंडीत लवकर पिकणारी. नाशिककडच्या मंडपांच्या मानाने झाडं बुटकी आणि सरळ रांगेत. समुद्र जवळ असल्याने कडाका उशिरा पडतो, म्हणून इथे जमतं, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

संध्याकाळची कॉफी शेरेत गावी, लुंडग्रेन बहिणींनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या बागेतल्या कॅफेत. इथली व्हॅनिला भरलेली, हृदयाच्या आकाराची बिस्किटं खायला राजा सहावा गुस्ताव्ह अडॉल्फ हेल्सिंगबोर्गजवळच्या आपल्या उन्हाळी वाड्यातून यायचा. बिस्किट खुसखुशीत, आतलं व्हॅनिला क्रीम थंड. फुलांच्या ताटव्यांमध्ये टेबलं मांडलेली असतात, गर्दी असते, पण रांग भराभर सरकते. हंगाम संपला की इथली बरीच ठिकाणं बंद होतात किंवा फक्त शनिवार-रविवारी उघडतात. ऑगस्टच्या मध्यानंतर येणार असाल तर आधी वेळा बघून घ्या.

रात्री व्हिकेनला आजींनी बटाटे शेपू घालून उकडले, लोणी सोडलं, बाजूला खारवलेलं हेरिंग. आईने दुसऱ्या पातेल्यात त्याच बटाट्यांच्या, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर काचऱ्या केल्या. आजींनी काचऱ्या दोनदा घेतल्या आणि हिंगाची डबी हुंगून लगेच झाकण लावलं.

सोमवार: परत

पाऊस. आजींनी आईला एक लहान मिठाच्या झिलईची बरणी दिली, त्यांच्या आईची. आई घेईना. शेवटी आजींनी ताईला सांगितलं, तिला म्हणावं, माझ्या मुलींना लोणची घालायची नाहीत. मग आईने घेतली, आणि नगरहून आणलेली चटणीची पुडी त्यांच्या हातात ठेवली.

हेल्सिंगबोर्गला थोडा वेळ होता, म्हणून फेरीने पलीकडे डेन्मार्कमधल्या हेल्सिंगोरला जाऊन आलो. वीस मिनिटांचा प्रवास, फेऱ्या सतत चालू असतात, पासपोर्ट जवळ ठेवा. बरणी हातसामानात नेली तर चालते, पण विमानतळावर तपासणीत उघडून दाखवावी लागली, म्हणून आत काही भरू नका.

पुन्हा जमलं तर मी मे महिन्यात जाईन. तेव्हा रेपसीड फुललेलं असतं, क्रापेरुपची ऱ्होडोडेंड्रॉन बहरलेली असतात आणि खोल्या स्वस्त मिळतात. हेल्सिंगबोर्गहून या किनाऱ्याने कुल्लालेदेन नावाची सुमारे ७० किलोमीटरची पायवाट जाते. ती व्हिकेन, होगानेस, मोल्ले आणि आरिल्डवरून आखाताच्या आतल्या बाजूला पोचते. चालायची सवय असेल त्यांनी तिचे टप्पे करावेत. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी बस मिळते. भावाला घेऊन जायचं ठरलंय. त्याची रजा मिळायची बाकी आहे.